एका आढ्याचे दोन कौल

पारवड्यात हल्ली माणूस माणसाला भेटला की ‘बरं हाय का’ असं विचारत नाही. ‘उजवा का डावा?’ असं विचारतो. आणि हे खूळ गावात माझ्यामुळं आलं असं अर्ध्या गावाचं म्हणणं आहे.

तसं बघितलं तर ते रवळनाथामुळं आलं. आमच्या गावात लग्न जुळवायचं असो की विहीर काढायची असो, आधी देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. त्यामुळं मी यंत्र घेऊन गावात आले आणि गारपिटीनंतर घराघराला ‘सुरक्षित’ नाहीतर ‘असुरक्षित’ ठरवायला लागले, तेव्हा लोकांनी ते शब्द कानाआडच केले. छपरावर असतं तेही कौल आणि देव देतो तोही कौल. मग ‘समृद्धीच्या मशिनानं आम्हाला डावा दिला’ अशी बोंब गावभर सुरू झाली. वर्षभरात यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं हात टेकले आणि यंत्रालाच ते दोन शब्द शिकवले.

मी समृद्धी होडगे, तालुक्याची छत-निरीक्षक. राहते आजऱ्यात, पण माहेर पारवड्याचंच. यंत्राचं नाव कानोसा. दिसायला ताटाएवढं, चार पंखांचं, आणि आवाज मात्र कंपनीनं असा गोड घातलाय की डावा कौलसुद्धा लग्नाच्या आमंत्रणासारखा ऐकू येतो.

वळवात गारा आमच्याकडं आधीही पडायच्या. लहानपणी आम्ही त्या अंगणातून वेचून तोंडात टाकायचो. पण मधल्या काळात उन्हाळे पेटले. जमीन जितकी तापते तितकी तिच्यावरची हवा जोरानं वर उसळते आणि ढगातल्या थेंबाला उचलून नेते. उंचावर थेंब गोठतो, खाली यायला लागतो, तेवढ्यात खालून येणारा झोत त्याला पुन्हा वर फेकतो. अशा प्रत्येक फेरीत त्याच्यावर बर्फाचा एकेक थर चढतो. झोताचा जोर वाढला तशा फेऱ्या वाढल्या आणि बोराएवढी गार पेरूएवढी झाली. ती आता कुणी तोंडात टाकत नाही, तिच्यापासून डोकं लपवतात.

अशी गार कौलावर बसली आणि कौल फुटलं, तर एका अर्थी बरं. निदान दिसतं तरी. पण न फुटता ते आतल्या आत तडकलं तर वरून धडधाकट दिसत राहतं, आणि पुढच्या गारेला तुकडे होऊन खालच्या माणसावर येतं. खालच्या आळीतली चौगुल्यांची आजी अशीच गेली. चुलीपुढं बसली होती बिचारी. त्या वर्षीपासून तालुक्यात कानोसा आला.

कानोसा छपरापासून हातभर उंचीवर तरंगतो आणि खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एक लांब शीळ घालतो. त्या शिळेनं एकेक कौल किंचित थरथरतं. डोळ्याला न दिसणारा लेसरचा किरण त्या थरथरीवरून परत येतो, आणि कोणतं कौल कुठल्या सुरात वाजलं आणि किती वेळ वाजत राहिलं ते यंत्राला कळतं. धड कौलाचा आवाज खणखणीत असतो आणि जरा रेंगाळतो. तडकलेलं कौल खालच्या सुरात बद्द वाजतं आणि लगेच गप्प होतं. बाजारात मडकं घेताना आपण बोटानं वाजवून बघतो तेच हे. फक्त कानोसा अख्खं छप्पर एका दमात वाजवून मोकळा होतो. पथ्य एकच. ओल्या कौलाचा आवाजही बसतो, म्हणून उन्हानं छप्पर वाळल्याशिवाय त्याला उडवायचं नाही.

त्या दिवशी छपरं वाळेपर्यंत दुपार झाली. आदल्या दिवशी गावाला गारांनी झोडपलं होतं, आणि हवामान खात्याचा इशारा होता की आज संध्याकाळच्या आत पुन्हा येणार, आणि कालच्यापेक्षा मोठ्या येणार. मी वरच्या आळीतली घरं उरकत उरकत आमच्या घरापाशी आले. स्वतःच्या घराचा कौल स्वतः लावायचा नाही असा नियम आहे, त्यामुळं आमच्याकडं दर वर्षी दुसरा निरीक्षक यायचा आणि काय कौल आला ते मला आण्णांच्या तोंडूनच कळायचं. पण तालुक्यात कानोसे दोनच, आणि त्यातला दुसरा काल गारांनीच पाडला होता.

आमचं घर म्हणजे एक लांबलचक कौलारू छप्पर आणि त्याच्या मध्यातून गेलेलं एकच सागवानी आढं. आढ्याखाली मात्र दोन घरं. अलीकडच्या अंगात माझे वडील नारायण होडगे, म्हणजे आण्णा, एकटेच. पलीकडच्या अंगात मालन काकू, तीही एकटीच. मध्ये वाटणीची भिंत. भांडी वाटली, शेत वाटलं, अंगणातला फणससुद्धा फांद्या मोजून वाटला. म्हैस तेवढी वाटता आली नाही, म्हणून तिचं सकाळचं दूध इकडं आणि संध्याकाळचं तिकडं.

भांडण झालं होतं छपरावरूनच. काकूच्या नवऱ्याला, विष्णू काकाला, आपल्या अंगावरची कौलं उतरवून स्लॅब टाकायचा होता. स्लॅब टाकायचा म्हणजे आढं मध्येच कापायला लागणार, आणि आढं कापलं की आमचं अंग खाली येणार. आण्णा नको म्हणाले, काका ऐकेना, आणि दोघंही होडगे. एक दिवस भर अंगणात काका म्हणाला, “माझ्या छपराखाली पाय ठेवू नकोस!” आण्णा म्हणाले, “तुझ्या छपराखाली पाय ठेवला तर रवळनाथाची आण हाय मला!” पुढच्याच वर्षी काका शेतात विजेचा धक्का लागून गेला. स्लॅब राहिलाच. काकाला घरात ठेवलं होतं तेव्हा आण्णा अंगणात उन्हात उभे राहिले, पण उंबरा ओलांडला नाही. शेवटी लोकांनी काकाला बाहेर आणलं तेव्हा त्यांनी भावाचं तोंड बघितलं. गावानं त्यांना काय काय नावं ठेवली ते मी इथं लिहीत नाही.

तेव्हापासून आण्णा आणि काकू एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचं असलं तर म्हशीशी बोलतात. म्हशीचं नाव चांदी. “चांदे, वैरण संपत आलीया, म्हणावं.” “चांदे, उद्या गुरांचा डाक्टर यायचाय, घरात थांबा म्हणावं.” आठ वर्षं हा कारभार चाललाय. चांदी रवंथ करत दोन्हीकडचं ऐकून घेते. गावातली तिच्याइतकी गुपितं कुणालाच माहीत नसतील.

मी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा आण्णा शिडीच्या तळाशी उभे होते.

“आलं का सरकार?” ते म्हणाले. “मशीन कशाला आणलंस? मी हाय की कौलं बघाय.”

“आज तुम्ही वर चढायचं न्हाई आण्णा. शिडीवरचा हात काढा आधी.”

“बघ चांदे, लेक बापाला दरडावालीय.”

मी कानोसा सोडला. तो शीळ घालत आमच्या अंगावरून गेला, वाटणीची भिंत ओलांडून काकूच्या अंगावर गेला आणि परत येऊन माझ्यासमोर तरंगत राहिला. “नारायण होडगे यांचं छप्पर,” तो गोड आवाजात म्हणाला, “डावा.”

आण्णांनी पापणीही हलवली नाही.

“आन् तिकडचं?” त्यांनी विचारलं.

“मालन होडगे यांचं छप्पर. उजवा.”

“मग झालं,” आण्णा म्हणाले आणि निवांतपणे तंबाखू मळायला लागले.

स्वतःच्या घराला डावा मिळाला असताना हा माणूस ‘मग झालं’ म्हणतो, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी हातातल्या पडद्यावरचं चित्र बघत होते. धड कौल हिरवं आणि तडकलेलं लाल असं ते दिसतं. काकूचं अंग पोपटासारखं हिरवं होतं आणि आमचं अंग लालेलाल. मधली हद्द अगदी वाटणीच्या भिंतीवरून, रेघ मारावी तशी सरळ गेलेली.

असं होतच नाही. कौलं एकाच भट्टीतली, एकाच वर्षी घातलेली. गारा दोन्हीकडं सारख्याच पडल्या. त्यांना काय ठाऊक, भिंत कुठं आहे ते?

तपासायला एक साधन हाताशी होतं. कौलं एकाच साच्यातून निघतात, पण भट्टीत प्रत्येकाला आच वेगळी लागते. कुठलं विस्तवाजवळ भाजतं, कुठलं कडेला राहतं. त्यामुळं दिसायला सगळी सारखी असली तरी प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो, माणसांचा असतो तसा. दर वर्षीचे हे आवाज कानोशाकडं जपलेले होतेच. धुरामुळं कौलांच्या भट्ट्या सरकारनं बंद केल्या, नवी कौलं मिळेनाशी झाली, आणि गावोगावची चांगली कौलं रातोरात उतरवून हॉटेलवाल्यांना विकणारे चोर निपजले. म्हणून यंदा कंपनीनं कानोशाला नवी युक्ती शिकवली होती. छपरावरच्या कौलाचा आवाज जुन्या आवाजांशी ताडून ते मुळात कुठल्या घरचं, हे तो सांगू शकत होता.

मी म्हटलं, “ताडून बघ.”

कानोशानं जुने आवाज धुंडाळले. मग साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मालन होडगे यांच्या छपरावरची निम्म्याहून जास्त कौलं नारायण होडगे यांच्या घरची आहेत. चोरीचा संशय आहे.”

नेमकी त्याच वेळी काकू शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून बाहेर येत होती. पाटी तिच्या हातातून खाली आली.

“चांदे, ऐकलंस?” ती म्हणाली. “मी चोर! शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला तर मला गरगरतं, आन् मी कौलं चोरतो व्हय? ह्या घरात नांदाय आलो तवापासनं कुणाच्या काडीला हात लावला न्हाई मी!”

आमच्या भागात बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, परगावच्यांना हसू येतं. त्या वेळी हसण्यासारखं मात्र काही नव्हतं. काकू लालबुंद झाली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी “काकू, मशीन आहे ते, त्याला काय कळतंय” असं म्हणत पुढं झाले. पण संशय नोंदला गेला होता. तो खोडला नाही तर दुसऱ्या दिवशी चौकशीला माणसं आली असती आणि सगळ्या गावासमोर तिची कौलं वाजवून बघितली असती.

“गप ए!” आण्णा कानोशावर ओरडले. हातातली तंबाखू त्यांनी फेकून दिली. मग काकूकडं न बघता म्हशीकडं तोंड केलं.

“चांदे, सांग त्यास्नी. कौलं कुणी चोरली न्हाईत. म्या ठेवली.”

“तुम्ही?” मी विचारलं.

“म्या. दर साली शाकारणीला वर जातोय न्हवं? पावसाच्या आधी सगळीच कौलं हलवून नीट लावायची असत्यात. तवा वाजवून बघायचं. तिकडच्या अंगाला बद्द निघालं की माझ्याकडचं खणखणीत काढायचं आन् तिकडं बशिवायचं. तिकडचं बद्द इकडं.”

“दर साली?”

“गारा हल्ली दर सालीच पडत्यात की. कालच्यांचं तू यायच्या आधीच उरकलं.”

“आणि का असं?”

“का म्हंजे?” आण्णा खरोखरच चकित झाल्यासारखे दिसले. “विष्णू गेल्यावर तिकडं वर चढाय कोण हुतं?”

खाली पडलेली पाटी तशीच ठेवून काकू घरात गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. आठ वर्षं माझा बाप आपल्या डोक्यावर फुटकी कौलं घेऊन झोपत होता आणि मला फोनवर ‘हिकडं सगळं झ्याक हाय’ म्हणून सांगत होता. पावसाळ्यात मी आले की घरात जागोजागी पातेली मांडलेली दिसायची. विचारलं तर म्हणायचे, माकडांनी कौलं सरकवली. मी कौलांची निरीक्षक, तालुक्याला कौल देत हिंडते, आणि घरच्या माकडावर विश्वास ठेवला.

“आण्णा, चला,” मी म्हटलं. “घर डावं आहे. गारा यायच्या आत रिकामं करायचं. शाळेच्या हॉलमध्ये सोय केलीया.”

“मी न्हाई जाणार.”

“आण्णा!”

“ह्या वयात मी पोरांच्या बाकड्यावर निजू? जल्म ह्या घरात काढला. काय व्हायचं ते हितंच हू दे.”

मी दाराला लाल फीत लावायला घेतली. कितीही झालं तरी कौल तो कौल. बापाच्या घराला मी उजवा दिला असता तर उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात उभं राहायला मला तोंड राहिलं नसतं. आण्णा बघत होते. फीत नीट बसेना, म्हणून त्यांनीच पुढं होऊन एक टोक धरलं आणि गाठ मारून दिली. मग त्याच फितीखालून वाकून ते आत गेले आणि पडवीत बसले. आता ह्या माणसाला काय करावं!

एवढ्यात उजेड उतरला. डोंगरामागून ढग आला होता. काळा नव्हे, हिरवट. असा हिरवा रंग दिसला की आत बर्फ आहे असं समजायचं. गडगडाट थांबत नव्हता. मी खालच्या रस्त्याकडं बघितलं. शाळा ओढ्याच्या पलीकडं होती. म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघाले असते तर अर्ध्या वाटेवर उघड्यावर सापडलो असतो. शाळेचा मार्ग बंद झाला होता.

राहिलं एकच छप्पर. पाच पावलांवरचं. उजवं.

“आण्णा, काकूकडं चला.”

“न्हाई.”

“आठ वर्षं तिच्या छपरावर नाचताय, खाली जायला काय हरकत आहे?”

“वरनं जायला आण आड येत न्हाई. म्या काय बोललोय? छपराखाली पाय ठेवणार न्हाई. वर ठेवणार न्हाई असं कुठं म्हटलंय?” ते अगदी शांतपणे म्हणाले. “विष्णूला माती दिली तवा मोडली न्हाई ती आण. आता मरणाच्या भ्यानं मोडू? त्येला वर काय तोंड दाखवू?”

त्यांना ओढून नेता आलं असतं तर नेलं असतं. पण आण्णांना ओढणं म्हणजे आढं ओढण्यासारखं. मग मी माझ्या परीनं जे करता येण्यासारखं होतं ते केलं. लाल फितीखालून आत गेले आणि त्यांच्या शेजारी पडवीत बसकण मारली. डोक्यावर बघितलं. सगळी कौलं कशी धडधाकट दिसत होती.

“तू का बसलीस?” आण्णा म्हणाले.

“तुम्ही बसलाय म्हणून.”

“ऊठ. जा काकूकडं.”

“न्हाई जात.”

“समू, खेळ न्हवं ह्यो. कौलं फुटकी हायत.”

“मला सांगताय? कौल मीच दिलाय.”

पहिली गार अंगणात पडली. उसळून फणसाच्या बुंध्यावर आपटली आणि फुटली. पेरूपेक्षा मोठीच होती. चांदी गोठ्यात हंबरली. गोठ्यावर नवा जाड पत्रा होता, तिला काही होणार नव्हतं. आण्णांचा हात माझ्या डोक्यावर आला, कौलापासून आडोसा करावा तसा. त्यांना स्वतःची भीती नव्हती, माझी होती. आणि तरी उठायला ते तयार नव्हते. मीही नव्हते. हट्टाच्या बाबतीत मी त्यांचीच लेक.

तेव्हा पलीकडचं दार उघडलं. काकू उंबऱ्यात उभी होती. तिनं पदर खोचला होता आणि तोंड धुतलेलं दिसत होतं.

“समू, तुझ्या त्या मशिनाला इचार,” ती मोठ्यानं म्हणाली, “माझ्या डोक्यावर कौलं कुणाची हायत.”

तिला काय म्हणायचंय ते माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. कानोसा माझ्या मांडीवर होता. मी विचारलं, “मालन होडगे यांच्या छपरावरची कौलं कुणाची?”

“निम्म्याहून जास्त कौलं नारायण होडगे यांची आहेत,” कानोसा म्हणाला.

“पुन्ना इचार. त्यास्नी नीट ऐकू गेलं न्हाई.”

मी पुन्हा विचारलं. कानोशानं तेच, तितक्याच गोडीनं सांगितलं. अंगणात दुसरी गार पडली, मग तिसरी.

काकूनं चांदीकडं बघितलं नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा तिनं सरळ आण्णांच्या डोळ्यांत बघितलं.

“भावजी,” ती म्हणाली, “त्यांच्या छपराखाली पाय ठेवणार न्हाई म्हनला हुता तुमी. नका ठेवू. त्यांचं छप्पर तुमीच कवाच काढून नेलंय. ह्ये तुमचं हाय. आपल्या छपराखाली या.”

आण्णा तिच्याकडं बघत राहिले. मी त्यांच्या दंडाला धरलं, आणि ह्या वेळी आढं हललं.

अंगणातली ती पाच पावलं आम्ही डोक्यावर शेणाची रिकामी पाटी धरून पळालो. पाटीवर एक गार अशी बसली की माझा हात खांद्यापर्यंत झणझणला. उंबऱ्यापाशी आण्णा थांबले. मला वाटलं, झालं, परत फिरतात. पण त्यांनी फक्त वर बघितलं, वळचणीच्या पहिल्या कौलाला बोटाच्या पेरानं टकटक केली आणि कान लावला. मग उजवा पाय आत टाकला.

दार लावलं आणि आभाळ कोसळलं. काय तो आवाज! पण आमच्या डोक्यावरची कौलं मोठ्यानं, स्वच्छ वाजत होती आणि एकही ठिकरी खाली येत नव्हती. अधूनमधून भिंतीपलीकडून मात्र दणका ऐकू यायचा आणि मागोमाग तुकडे पडल्याचा खळखळाट. आमची पडवी असेल ती, जिथं आम्ही दोघं घटकाभरापूर्वी बसलो होतो. प्रत्येक दणक्याला आण्णा माझ्याकडं बघायचे आणि मान खाली घालायचे.

“चोरीचा संशय कायम ठेवायचा का?” माझ्या हातातला कानोसा मध्येच म्हणाला. यंत्राला वेळकाळ कळत नाही.

“नाही.”

“कारण सांगा.”

“एकाच घरातली कौलं आहेत,” मी म्हटलं. “ह्या कोपऱ्यातली त्या कोपऱ्यात नेली.”

कानोशानं दोन छपरांची मिळून एकच नोंद केली. त्या छपराचं एक अंग डावं होतं, ते आता पावसाआधी उतरवायचं होतं आणि तिथली जी काही धड कौलं उरतील ती इकडं आणायची होती. भिंत पाडायचीही बोलणी निघणार होती. ते सगळं उद्या. आढं शाबूत होतं, तेवढं मला पुरे होतं.

काकूनं चुलीवर आधण ठेवलं. आण्णा काकाच्या फोटोखाली भिंतीला टेकून बसले होते, पाहुण्यासारखे अवघडून. त्यांनी एकदाही फोटोकडं बघितलं नव्हतं. मग एकदा वर बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. गमछ्यानं तोंड पुसलं.

“भावजी, चा घेनार न्हवं?” काकूनं विचारलं.

आण्णांनी सवयीनं गोठ्याच्या बाजूला तोंड वळवलं. “चांदे, सांग त्यास्नी...”

तिकडं नुसती भिंत होती. आण्णा थांबले. मग हळूच मान फिरवून चुलीकडं बघत म्हणाले, “साखर जरा कमी घाल, मालन.”